मायरनच्या कुरणाचं फाटक

गुरुवार, २४ एप्रिल

प्रिय मायरन,

डॅरलने तुला फोन केला असेलच. नसेल केला तर आज ना उद्या करेल, म्हणून त्याच्याआधी माझं ऐकून घे. हो, काल दुपारी तुझ्या कुरणात दहा म्हातारी माणसं होती आणि त्यांतली एक मी होते. आम्ही कुलूप तोडलं नाही. तारेवरून उड्याही मारल्या नाहीत. आमच्या लाव्हॉनबाईला उडी मारताना तू कधी पाहिलं आहेस का? आम्ही मागून, नदीच्या अंगाने आलो, आणि मुद्दाम आलो नाही. चार वर्षं तू माझ्याशी बोललेला नाहीस आणि मी पहिलं पत्र लिहिते आहे ते असल्या कारणासाठी. पण त्याला माझा इलाज नाही.

झालं ते असं. बुधवारी आमची मंडळी शेयेन नदीकाठच्या जंगलात चालायला जाते, हे तुला ठाऊक आहे. आमच्यात एकच नियम: जो सगळ्यांत हळू चालतो तो पुढे, आणि त्याला कुणी ओलांडायचं नाही. त्यामुळे कुणी मागे राहून रडकुंडीला येत नाही. या वर्षी पुढचा मान पास्टर लुंड्यांचा आहे. वय चौऱ्याऐंशी, हातात दोन काठ्या, आणि दिसेल त्या पक्ष्याशी थांबून बोलायची हौस. तर ओकची झाडी संपते आणि वाट फुटते तिथे वाटेच्या निळ्या खुणा उजवीकडे वळतात, रस्त्याला लागतात. डावीकडची जुनी वाट नदीवरून तुझ्या कुरणात उतरते. तू कुलूप घातलंस तेव्हापासून आम्ही उजवीकडे वळतो आणि तीन मैल खडीच्या रस्त्याने ट्रकांची धूळ खात जातो. काल पास्टर सरळ डावीकडे वळले.

आम्हा नऊही जणांना दिसलं. आणि नऊही जण तोंडात मिठाची गुळणी धरून त्यांच्या मागे चालू लागलो. आता तूच सांग, ज्यांनी तुझ्या लेकीचा बाप्तिस्मा केला, आईबाबांना माती दिली, त्या माणसाला "अहो, चुकलात" असं कोण सांगणार? लाव्हॉनने माझ्याकडे बघितलं, मी झाडाकडे बघितलं. मागून कुणीतरी म्हणालं, "हवा छान आहे नाही आज?" सगळे म्हणाले, छान आहे. असे आम्ही छान हवेत नदीपर्यंत गेलो. तिथे मार्चच्या पुराने तुझी तार वाहून नेली आहे (डॅरलला सांग), तेव्हा अडवायलाही काही नव्हतं. कुरण चढून वर आलो तो समोर फाटक, त्याला साखळी, साखळीला कुलूप, आणि आम्ही आतल्या बाजूला.

पास्टर थांबले. काठ्या फाटकाला टेकवल्या. म्हणाले, "मला मघाशी अर्ध्या मैलावरच कळलं होतं की चुकलं."

"मग वळला का नाहीत?" लाव्हॉनने विचारलं.

"मागून कुणी काही बोलेना. म्हटलं मंडळींना नदी बघायची असेल, उगाच कशाला हिरमोड करा."

"अहो, आम्ही म्हटलं पास्टरना ठाऊक असेल."

"चाळीस वर्षं तुम्ही हेच धरून चाललात," पास्टर म्हणाले. "माझ्या छातीत धडकी भरायची."

तेवढ्यात डॅरल गाडी घेऊन आला. गाई बघायला आला होता, बघायला मिळालो आम्ही. बिचारा टोपी काढून उभा राहिला. तुझं कुरण खंडाने घेतलेला माणूस, त्याला वाटलं असेल तुझ्या बहिणीने मोर्चाच आणला. लाव्हॉनने त्याला कॉफी दिली. तो नको म्हणाला, मग राहू दे म्हणाला, मग अर्धाच कप म्हणाला आणि दोन कप प्यायला. आम्ही गवतात बसलो. परसातल्या आंबट रुबार्बच्या वड्यांचा डबा फिरला. शेवटची वडी नेहमीसारखी कुणी घेईना. तिचे तुकडे होत होत शेवटी चिमणीला पुरेल एवढा कण उरला. मग डॅरलने त्याच्या किल्लीने कुलूप काढून आम्हाला बाहेर सोडलं. मी म्हटलं, "डॅरल, तुला उगाच त्रास." तर तो म्हणाला, "आर्लिस, ते फाटकाचं..." आणि किल्ली खिशात टाकून गाडीकडे वळला. कानापर्यंत लाल झाला होता.

आणि मायरन, दक्षिणेच्या उतारावर क्रोकस फुलले आहेत. बाबा बसायचे त्या दगडाच्या भोवती तर पाय ठेवायला जागा नाही. चार वर्षांनी बघितले. सांगून टाकते, मला इतकं बरं वाटलं की आपण कुणाच्या हद्दीत आहोत हे मी विसरूनच गेले.

मी काही मागत नाहीये. वाटेच्या समितीतले लोक म्हणतात मालकाने हो म्हटलं तर खुणा पुन्हा कुरणातून लावता येतील. व्हर्माँटहून निघालेली ही लांबलचक पायवाट एवढे डोंगर, नद्या ओलांडून येते आणि तुझ्या कुलपाशी येऊन अडते, असं ते म्हणतात. मी फक्त कानावर घालते आहे.

तुझा खुबा कसा आहे?

आर्लिस

गुरुवार, ८ मे

प्रिय मायरन,

इथे सोमवारी पाऊस झाला. मंगळवारी वारा. काल ऊन. नदी उतरली आहे. ओकला अजून पानं नाहीत पण अस्पेन हिरवे झालेत. गोचीड सुटले, काल लाव्हॉनच्या मोज्यात तीन सापडले. मी हवेबद्दल एवढं लिहिते आहे कारण पुढचं कसं लिहायचं ते माझं अजून ठरत नाहीये.

परवा डॅरल आला होता. बायकोने बटाट्याचं हॉटडिश पाठवलं होतं, त्यावरूनच मी ओळखलं की मामला गंभीर आहे; कुणी मेल्याशिवाय एवढं मोठं भांडं कुणी पाठवत नाही. टेबलाशी बसला. पिकांबद्दल बोलला, नातीच्या दातांबद्दल बोलला, उठला, दारापर्यंत गेला, आणि दाराची कडी हातात धरून म्हणाला, "आर्लिस, त्या साली फाटक मीच उघडं टाकलं होतं."

मी म्हटलं, "कोणत्या साली?" वेड्यासारखं. मला ठाऊक होतं कोणत्या.

"मायरनच्या गाईंना मीठ ठेवायला गेलो होतो. गारा सुरू झाल्या, गाडीकडे पळालो. कडी घालायची राहिली. कालवडी माझ्यामुळे सुटल्या."

आता तू ही आठवण विसरला असशील असं मला वाटत नाही, पण मी लिहितेच. तुझ्या कालवडी रात्रभर दफनभूमीत चरल्या आणि आईच्या कबरीवरची शेवंती त्यांनी मुळासकट खाल्ली. दोन दिवसांनी चर्चच्या तळघरात, कापणीच्या जेवणाला, अख्खं गाव ताटं घेऊन उभं असताना तू मला म्हणालास, "तुझी ती चालणारी टोळी फाटक लावायला शिकली तर बरं होईल." मी म्हटलं आमची माणसं फाटक लावतात. तू म्हणालास, "मग माझ्या गाई कड्या काढायला शिकल्या वाटतं." लोक हसले. मी माझं ताट तसंच ठेवून घरी आले. दुसऱ्या दिवशी तू साखळी घातलीस, आणि नाताळनंतर खुब्याचं निमित्त करून लेकीकडे ॲरिझोनाला गेलास तो गेलासच.

तर मी डॅरलला म्हटलं, "तू हे मला चार वर्षांनी सांगतोस?"

तो म्हणाला, "मी मायरनला त्याच आठवड्यात सांगितलं होतं. मला वाटलं तो तुम्हाला सांगेल."

"आणि आम्ही बोलत नाही हे तुला दिसलं नाही?"

"दिसलं ना. मला वाटलं तुमचं काहीतरी दुसरं असेल. घरातलं. मध्ये कसं पडायचं?"

मी त्याला बसवलं आणि त्याचंच हॉटडिश त्याला वाढलं, कारण त्याचा चेहरा बघवेना. त्याच्यावर रागावणं मला जमलं नाही. विचारलं नाही म्हणून बोलला नाही. आपल्या गावात ही काही नवी गोष्ट नाही. आई म्हणायची ना, भीड भिकेची बहीण.

पण तू, मायरन. तुला ठाऊक होतं. त्याच आठवड्यात. म्हणजे तू साखळी घालून पुरते चार दिवस झाले नसतील. तू किल्ली खिशात टाकून चार नाताळ मला कार्ड पाठवलं नाहीस, आणि माझी काहीच चूक नाही हे तुला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं. मी आपली रोज मनात तीच शोधाशोध करत होते, की आमच्यातलं कोण त्या दिवशी शेवटी होतं, कडी नीट पडली होती का. लाव्हॉन शेवटी होती. मी तिच्यावर वर्षभर मनातल्या मनात संशय घेतला. ती माझी मैत्रीण आहे, आणि तुझ्यामुळे मी तिच्याकडे तिरकं बघत होते.

मला समजतंय कसं झालं असेल. एवढ्या लोकांसमोर बोलून बसलास, मग शब्द परत घ्यायचे कसे. आधी एक आठवडा गेला असेल, मग सण आला असेल. समजतं. पण समजलं म्हणजे झालं असं नाही.

हे पत्र मी उद्या पुन्हा वाचणार नाही. वाचलं तर खोडेन. आत्ताच टपालात टाकून येते.

आर्लिस

गुरुवार, २२ मे

प्रिय मायरन,

साखळी निघाली. डॅरलने बुधवारी सकाळी फोन करून सांगितलं, "मायरनचा निरोप आला. म्हणाला कुलूप काढ आणि लोकांना जाऊ दे."

मंडळी किती खूश झाली ते तुला सांगायलाच हवं. पास्टर लुंडे फाटकाशी थांबून म्हणाले, "प्रार्थना करू का?" लाव्हॉन म्हणाली, "थोडक्यात करा, गोचीड चढतायत." त्यांनी खरंच थोडक्यात केली, चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मग आम्ही आत गेलो. मधल्या टेकाडावर गवत घोट्याच्या वर आलंय आणि वाऱ्याने एका बाजूला झुकतंय. कुंपणाच्या खांबावर मेडोलार्क बसून गात होता. पास्टर त्याला म्हणाले, "चालू दे, चालू दे." आम्ही नदीवर डबे सोडले. कुणीच घाई केली नाही. माझे गुडघे दुखत होते आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. लाव्हॉनला मी संशयाचं सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "अगं, मला वाटायचं तुला माझ्या वड्या आवडेनाशा झाल्या." मग दोघी हसत बसलो, इतक्या की पास्टरना पुढे थांबावं लागलं.

असा दिवस गेला. फार चांगला गेला, हे खरंच सांगते.

पण तू फोन डॅरलला केलास. मला नाही.

समितीची बाई मला म्हणाली, "तुमच्या भावाचं मन मोठं आहे." मी हो म्हटलं. काय म्हणणार? घरी आले, बूट काढले, आणि कॉफी करता करता मला एकदम रडू आलं. कुलूप निघावं असं मला वाटत होतं, नाही असं नाही. पण मायरन, मला वाट कशाला हवी होती? लहानपणी त्या टेकाडावर तू आणि मी बर्फावरून घसरत होतो म्हणून हवी होती. आता आपल्या घरातलं त्या टेकाडाला ओळखणारं तू आणि मीच उरलोय. मी तिथून कितीही वेळा गेले तरी "इथे तू दात पाडून घेतलास" असं कुणाला सांगू? पास्टरना?

मला एक वाक्य पाठव. माफी नको, ते तुला जमणार नाही. कुठलंही वाक्य चालेल, फक्त माझ्या नावाने पाठव.

आर्लिस

सोमवार, २ जून

प्रिय मायरन,

तुझं कार्ड आलं. "इथे फार तापलंय. निवडुंगाला फुलं आली. मा."

मी ते पोस्टपेटीपाशीच वाचलं, मग ओसरीवर वाचलं, मग चष्मा बदलून वाचलं. पाठीमागे काही आहे का तेही बघितलं. पाठीमागे निवडुंगाचं चित्र आहे.

वाक्य मागताना मी कुठलंही चालेल असं लिहिलं होतं, त्यामुळे मला बोलायला तोंड नाही. निवडुंगाचं अभिनंदन कर माझ्याकडून. लाव्हॉनला दाखवलं तर ती म्हणाली, "दोन वाक्यं आहेत गं, मागितली एक होती. बरंच झालं की." पास्टर म्हणाले, त्यांच्या अनुभवात पुरुष माणसाला पापापेक्षा हवामान कबूल करणं सोपं जातं. मी कार्ड खिडकीत लावलं आहे. भांडी घासताना दिसतं.

इथे लायलॅक फुलून गेले. रुबार्ब इतका झालाय की मी पुन्हा वाटायला आले असं समजून शेजारी मला बघून दिवे मालवतात. वाटेच्या खुणा लागल्या. तुझ्या कुरणात खांबांवर निळ्या रंगाचे पट्टे आहेत आता, आणि डॅरलने या फाटकाला आणि नदीकडच्या नव्या फाटकाला अशी कडी बसवली आहे की सोडली तर आपोआप पडते. माझ्याशी बोलताना तो अजून टोपी काढतो. पुढच्या आठवड्यात मंडळी जंगलाच्या टोकापासून तुझ्या कुरणापर्यंत सगळं अंतर एका दिवसात चालणार आहे, पास्टर म्हणतात एकदा तरी. मी त्यांना म्हटलं, वाटेत चुकलात तर या वेळी मी ओरडणार आहे. म्हणाले, "देव करो, खरंच ओरड."

मी बरी आहे. आजकाल झोपही चांगली लागते. तू विचारलं नाहीस, पण तुझ्या कार्डावर जागा कमी होती.

आर्लिस

बुधवार, ११ जून
स्वयंपाकघराच्या टेबलावर

मायरन,

तू घोरतो आहेस म्हणून उठवलं नाही. तीन दिवस गाडी चालवून आलेल्या माणसाला झोपू द्यावं, त्यातून तो खुबा. कॉफी किटलीत आहे. अंडी शिजवून ठेवली आहेत, मीठ जिथे आईच्या वेळी असायचं तिथेच आहे. मी मंडळीबरोबर चालायला जाते. आम्ही दुपारच्या सुमाराला तुझ्या कुरणात येऊ.

काल तू दारात उभा राहिलास तेव्हा मला आधी वाटलं कुणीतरी मशीन विकायला आलाय. इतका वाळला आहेस. तू म्हणालास, "इकडून जात होतो." ॲरिझोनाहून इकडून कुठे जातात, बाबा? पण मी म्हटलं ये, बस. मग तू जेवण होईपर्यंत रस्त्यांबद्दल बोललास. नेब्रास्कातला पाऊस, साऊथ डाकोटातलं रस्त्याचं काम, पेट्रोल. मी एकदाही मध्ये बोलले नाही. मनात म्हटलं, येऊ दे याला याच्या चालीने. आणि बशी पुसता पुसता, माझ्याकडे पाठ करून, तू म्हणालास, "पहिल्या आठवड्यात सांगायला हवं होतं. दुसऱ्या आठवड्यात लाज वाटली. मग लाजेचीच सवय झाली."

तू पुसलेलीच बशी परत पुसलीस. मग विचारलंस, "रागावलेली आहेस का?"

मी म्हटलं, "छे, छे. कशाला?"

ते खोटं होतं, मायरन. तोंडातून सवयीने निघून गेलं. रात्री अंथरुणात पडल्यावर मला माझीच चीड आली, की चार वर्षांत एकदा भाऊ सरळ काहीतरी विचारतो आणि मी त्याला अतिथीला द्यावं तसं उत्तर देते. म्हणून सकाळी उठून हे लिहिते आहे.

मी रागावलेली आहे. चांगली रागावलेली आहे. एका संध्याकाळीत जाईल एवढा हा राग नाही, एका बशीतही मावणार नाही. मला तुझ्याशी भांडायचं आहे, समोर बसून, सगळं पहिल्यापासून, तळघरातल्या ताटापासून. तू आलास म्हणून मला आनंद झाला आहे, इतका की सकाळपासून मी दोनदा वर येऊन तू खरंच आहेस ना ते बघून गेले, आणि त्याने राग काही कमी झाला नाही. दोन्ही आहे.

लेकीला फोन करून सांग की एवढ्यात येत नाहीस. मी तुझ्या खोलीतलं कपाट रिकामं केलं आहे. राग जाईपर्यंत राहा. मला घाई नाही.

आर्लिस